तोरिकाची उडी आणि टाकीवरचे रातू

तोरिकाला हाक मारून थांबवणं वुनिवुतू गावात कुणाला जमलं नाही. हाक पोचेपर्यंत ती पुढच्या घराच्या कोपऱ्यावर वळलेली असायची. पाणी आणायला पळत, लाकडं आणायला पळत, चर्चमध्ये उशीर झाला तर कमरेला गुंडाळलेली सुलू गुडघ्यापर्यंत उचलून पळत. आणि चर्चच्या दारात पोचली की एकदम मान खाली, पाठ वाकलेली, पावलांचा आवाज नाही. हे दुसरं तिला तिच्या आत्याने शिकवलं होतं. पहिलं कुणी शिकवलं नव्हतं.

कांदावू बेटाच्या त्या किनाऱ्यावर सपाट जमीन म्हणून नाही. मागे डोंगर, पुढे खारफुटी, मध्ये चिमटीत धरल्यासारखं गाव. रग्बीचं मैदान आहे, पण त्याचं एक टोक चढावर आणि दुसरं भरतीला पाण्यात. तोरिका धावायला शिकली ती ओहोटीच्या ओल्या वाळूवर, पाठीला शिंपल्यांची टोपली बांधून. वाळू पाय ओढून घेते. तिथे पाऊल रेंगाळलं की माणूस रुततो. म्हणून तिचं पाऊल कधी रेंगाळलं नाही.

शाळेत असताना ती धावण्यात जिल्ह्यात पहिली आली. मग सतराव्या वर्षी पोटात मूल राहिलं आणि शाळेने दार बंद केलं. ज्या पोराचं ते मूल, तो त्याच शाळेकडून रग्बी खेळत राहिला आणि पुढच्या वर्षी सामना जिंकून गळ्यात हार घातलेला त्याचा फोटो शाळेच्या हॉलमध्ये लागला. मूल दोघांचं, शिक्षा एकीला. यावर गावात कुणी अवाक्षर काढलं नाही, आणि आपल्याकडे असलं काही होत नाही म्हणून ज्यांना बरं वाटत असेल त्यांनी आपल्या शाळांची दारंही एकदा जाऊन बघावीत.

शाळा सुटली म्हणजे धावणंही सुटलं, असा सगळ्यांचा हिशेब. कारण बेटावरून धावायला सुवा शहरात जायची वाट फक्त शाळेतूनच जात होती. तोरिकाने तो हिशेब मानला नाही. पोर झाली, तिचं नाव केलेरा ठेवलं. दिवसा अळूच्या मळ्यात, नाहीतर नारळ फोडून खोबरं वाळवायला. आणि ओहोटी लागली की किनाऱ्यावर, सुलू कमरेला खोचून, या खडकापासून त्या खडकापर्यंत.

तिचा मामेभाऊ पेथेली होडी बांधताना हे रोज बघायचा. मामेभाऊ म्हणजे तिकडे चेष्टेचं नातं, एकमेकांना काहीही बोलायची मुभा.

"अगं, मागे लागलंय कोण तुझ्या?" तो ओरडायचा. "नवरा तर दिसत नाही!"

"तू मागे लागला असतास तर चालतच गेले असते," तोरिका न थांबता उत्तर द्यायची.

अशी सहा वर्षं गेली. आणि एक दिवस रेडिओवर सांगितलं की देशाचा मुलींचा रिलेचा संघ नव्याने बांधायचा आहे, माणसं बेटाबेटांवर पाठवणार आहेत, आणि शाळेत असण्याची अट नाही. तोरिका तेव्हा नारळ फोडत होती. तिने कोयता खाली ठेवला. केलेराला उचलून तीन गिरक्या घेतल्या आणि आत्याच्या शिव्या खाल्ल्या.

सुव्याहून आले अविनेश गौंडर. तरुण माणूस, शहरात वाढलेला, आजोबांच्या पिढीपासून उसाच्या मळ्यातली माणसं. गावाची रीत त्यांना ठाऊक होती. होडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी यांगोनाची, म्हणजे जिचं मानाचं पेय करतात ती, मुळी रातूंपुढे ठेवून गावात यायची परवानगी मागितली. रातू आसेरी म्हणजे गावचे मुख्य. सत्तरी ओलांडलेले, देहाने भारदस्त, बोलायला कंजूष. त्यांनी मुळीला हात लावला, टाळ्या झाल्या, वाटी फिरली. सगळं यथासांग.

पण मैदान बघून गौंडरांचा चेहरा पडला. अमावास्येची मोठी भरती येऊन गेली होती आणि अर्ध्या मैदानात डुकरं लोळत होती.

"इथे शंभर मीटर कसे पळवू?" ते म्हणाले. मग स्वतःच सावरले. "हरकत नाही. उड्या मोजू. उडीवरून धाव कळते."

"उडीवरून?" पेथेली म्हणाला. "मग मास्तर, आमच्या विहिरीतला बेडूक न्या. तो चांगला आहे."

लोक हसले. गौंडरही हसले, पण उत्तर द्यायला विसरले नाहीत. "बेडूक एक उडी मारतो आणि बसतो. मला बसणारा नको. बघा, जागेवरून लांब उडी मारली की कळतं, सुरुवातीला हा माणूस जमीन किती जोरात मागे ढकलेल. ठोकळ्यावरून खाली उतरून टेकल्याबरोबर परत वर उडाला, की कळतं पूर्ण वेगात असताना याचा पाय जमिनीवर किती वेळ अडकेल. जितका कमी अडकेल तितका वेग."

"म्हणजे लोवोच्या भट्टीतल्या तापल्या दगडावर पाय पडल्यासारखा," तोरिका मागून म्हणाली.

गौंडरांनी वळून बघितलं. "हो. अगदी तसाच."

त्यांनी हेही सांगितलं की उद्या सकाळच्या भरतीला होडी परत जाईल आणि त्यांनी ठरवलेल्या रेघेच्या पुढे जे जातील तेवढेच त्या होडीत बसतील. पुढच्या वर्षी पुन्हा येऊ की नाही, ते सांगता येणार नाही. तोरिकाने मनात ते वाक्य दोनदा म्हणून बघितलं. पुढच्या वर्षी ती चोवीस वर्षांची होणार होती. चोवीस वर्षांच्या, पोर असलेल्या बाईला शोधायला होडीत बसून कोण येतं?

मैदान नाही म्हणून उड्या गावच्या सभाघरात घ्यायचं ठरलं. सभाघराला तीन बाजूंनी खिडक्या. मोकळी भिंत एकच, वरच्या टोकाची. गौंडरांनी त्या भिंतीवर उंचीची फीत चिकटवली, समोर ठोकळा मांडला, रबरी चटई अंथरून तिची तार संगणकाला जोडली. त्या चटईला पाय कधी टेकला आणि कधी सुटला ते बरोबर कळायचं. इथपर्यंत कुणाचं काही चुकलं नव्हतं.

मग वडीलधारी मंडळी बघायला आली. आली आणि आपल्या नेहमीच्या जागी बसली. त्यांची नेहमीची जागा म्हणजे वरच्या टोकाची भिंत. मध्यभागी रातू, शेजारी त्यांच्या वतीने बोलणारे म्हातारे सेवानाया, मग बाकीचे. गौंडरांचा ठोकळा रातूंच्या मांडीपासून हातभर. आता त्यांना उठा कोण म्हणणार? पाहुणा म्हणणार नाही, कारण तो पाहुणा. गावकरी म्हणणार नाहीत, कारण ते गावकरी. उलट गौंडरांना वाटलं, केवढा मान मिळाला!

तोरिकाची पाळी आली. तिने ठोकळ्याकडे बघितलं, मग त्याच्या पलीकडे बसलेल्या रातूंकडे. त्यावर चढायचं म्हणजे रातूंच्या डोक्यापेक्षा उंच उभं राहायचं. भिंतीवर हात मारायचा म्हणजे त्यांच्या डोक्यावरून हात न्यायचा. फळीवरचा कप काढायचा असला तरी खाली कुणी बसलं असेल तर माफी मागून, वाकून हात पुढे करतात, आणि मग खाली बसून ओंजळीने टाळी वाजवतात. हे तिला चालता यायच्या आधीपासून येत होतं.

ती चढली, पण गुडघे दुमडून. मान छातीत घालून. "तिलोऊ," ती पुटपुटली, म्हणजे क्षमा असावी. तशीच वाकलेली खाली उतरली. पाय टेकल्यावर वर उडण्याआधी अंग आपोआप आणखी वाकलं, जसं बसलेल्या माणसांसमोरून जाताना वाकतं. मग कशीबशी वर गेली. आणि चटईवरून उतरून खाली बसली, टाळी वाजवली. भिंतीवरच्या उडीला तिचा हात जेमतेम कपाळाच्या वर गेला. लांब उडीला तर ती रातूंकडे पाठ होऊ नये म्हणून तिरकी उडाली.

तिला स्वतःला वाटलं, आपण जीव तोडून उडी मारली. घाम तर दरदरून आला होता.

दुपारी गौंडरांनी नावं वाचली. तीन मुलींची होती, तिघी दुसऱ्या गावाहून आलेल्या. त्यांच्या उड्या सकाळी सर्वात आधी झाल्या होत्या, भिंत रिकामी असताना. वुनिवुतूची एकही नाही.

"तोरिका, वाईट वाटून घेऊ नका," गौंडर म्हणाले. "पायाला झेप कमी पडते. टेकल्यावर पाऊल जमिनीला चिकटतं."

"माझं पाऊल?" ती म्हणाली. "चिकटतं?"

"चटई खोटं बोलत नाही."

तोरिकाच्या तोंडाशी जे आलं होतं ते आत्या आकेनेता शेजारी होती म्हणून आतच राहिलं. ती तिथून निघाली आणि सरळ नारळाच्या ढिगाकडे गेली. त्या दुपारी तिने जेवढे नारळ फोडले तेवढे कुणी मागितलेही नव्हते.

उन्हं कलली तेव्हा सभाघराबाहेर आंब्याखाली यांगोनाची परात मांडली होती. पाहुण्याला निरोप द्यायचा म्हणून सगळं गाव गोळा झालेलं. उकडलेले टॅपिओकाचे कंद फिरत होते. आणि पेथेलीला चेव चढला.

"तोरिकाची उडी बघितली का कुणी?" तो उठला. "मी दाखवतो." त्याने उलटी बादली मांडली, तिच्यावर म्हातारीसारखा वाकून चढला, मान आत घेतली, "तिलोऊ, तिलोऊ" करत खाली उतरला, अर्धवट उडाला, धपकन बसला आणि ओंजळीने टाळी वाजवली. "ही आमची वेगवान बाई! शर्यतीत उतरली तर प्रत्येक पंचाला नमस्कार करत पोचेल, दिवे लावायच्या वेळेला!"

सगळं गाव लोटपोट. तोरिका तणतणत पुढे आली, हातात कोयता तसाच.

फक्त एक माणूस हसला नाही. गौंडरांनी हातातली वाटी खाली ठेवली होती. "पेथेली," ते म्हणाले, "परत करा बघू."

पेथेलीने परत केलं. या वेळी हसू कमी आलं. गौंडर रिकाम्या भिंतीकडे बघत होते, मग रातूंच्या जागेकडे, मग आपल्या ठोकळ्याकडे.

आणि तोरिकालाही दिसलं. आपलीच उडी दुसऱ्याच्या अंगावर दिसली.

"मास्तर," ती म्हणाली, आवाज चढलेलाच होता, "माझा पाय नाही चिकटला. माझी मान अडली. ती खाली असली की सगळं अंग खाली जातं. तुमची चटई खोटं बोलली नाही, मान्य. पण तिने माझी धाव मोजलीच नाही. तिने मोजलं आत्याने मला काय शिकवलंय ते!"

गौंडर उठून उभे राहिले आणि लगेच आठवण होऊन खाली बसले. "चूक माझी," ते म्हणाले. "फीत मी तिथे लावली. सकाळी पहिल्यांदा उड्या चांगल्या होत्या, मग सगळ्यांच्याच उतरत गेल्या. मला वाटलं, उकाडा."

"मग आता परत घ्या," तोरिका म्हणाली.

"घेतो. पण कुठे? इथे जिथे जाऊ तिथे..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. पुरं करायची गरज नव्हती. उड्या म्हटल्यावर मंडळी बघायला येणारच, आणि मंडळी बसली की उडी बसली. रातूंना तुम्ही येऊ नका म्हणायचं? त्यापेक्षा होडी बुडवलेली बरी.

तोरिका गर्रकन वळली आणि घरात गेली. आढ्याला यांगोनाची एक जुनी मुळी टांगलेली होती, धाकट्या भावाच्या लग्नासाठी जपलेली. ती काढायला तिने हात वर केला तोच आत्याने मनगट धरलं.

"वेड लागलंय का तुला? रातूंसमोर जाऊन बोलणार आहेस? बाईमाणूस? काय सांगणार, तुमचं डोकं मला आडवं येतं?"

"आत्या, मी त्यांचा मान मोडायला नाही चालले. तू शिकवलंयस तसंच वागणार आहे. पण सहा वर्षं मी मान खाली घातलीय ना? शाळेने काढलं तेव्हा घातली. लोक बोलले तेव्हा घातली. आज एक उडी वर बघून मारू दे. एकच."

आकेनेताने मनगट सोडलं, मुळी स्वतः खाली काढली, तिच्यावरची जाळी फुंकली. "अशी देशील? केस विंचर. सुलू बदल. आणि पुढे मी चालणार, तू मागे."

दोघी वाकून आंब्याखाली आल्या. आत्याने मुळी सेवानायांपुढे ठेवली. तोरिकाने खाली बघत, पण अडखळल्याशिवाय, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "रातूंनी जाऊ नये. रातूंनी बघावं. फक्त आम्ही त्यांच्या वर जाणार नाही, असं काहीतरी व्हावं. ते काय, ते मला सांगता येत नाही."

सेवानाया गोंधळले. असली विनंती त्यांनी आयुष्यात कधी पुढे केली नव्हती. ते रातूंच्या कानाशी वाकले. रातू आसेरींनी पंखा हलवायचा थांबवला.

"म्हणजे," रातू सावकाश म्हणाले, "माझं डोकं उंच पाहिजे. एवढंच ना?"

सेवानायांनी मान हलवली, हो म्हणून.

रातूंनी मागे वळून पाण्याच्या टाकीकडे बघितलं. सभाघराच्या आडोशाला पावसाच्या पाण्याची टाकी, तिला दोन पुरुष उंचीचा सिमेंटचा कट्टा.

"शिडी आणा," रातू म्हणाले.

पुढचा अर्धा तास वुनिवुतू विसरणार नाही. चार जण शिडी धरून, दोघं खालून आधार देत, आणि रातू आसेरी एकेक पायरी चढताहेत, सुलू सावरत, पंखा दातात धरून. वर पोचल्यावर त्यांना चटई हवी झाली. चटई गेली. मग उशी. उशी गेली. मग सेवानाया म्हणाले, मी खाली कसा, मी रातूंचा शब्द आहे, आणि तेही शिडीच्या वरून दुसऱ्या पायरीवर जाऊन बसले. त्याखाली बाकीचे म्हातारे, ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे, एकेका पायरीवर, वेलीला भोपळे लागावेत तसे.

"आता दिसतंय," वरून रातूंचा आवाज आला. "खालून नुसते पाय दिसत होते."

गौंडरांनी चटई सिमेंटच्या पायवाटेवर अंथरली. ठोकळा मांडला. तोरिका त्यावर चढली आणि सरळ उभी राहिली. मान वर केली तर डोळ्यांसमोर टाकी, टाकीवर रातू, आणि त्यांच्या वर उतरतीचं लालसर आभाळ. त्यांच्यापेक्षा उंच जायची सोयच नव्हती. मोकळं रान.

"उडी मार की!" पेथेली ओरडला. "का परत नमस्कार?"

ती उतरली. पाय चटईला लागला म्हणावं तोवर ती पुन्हा हवेत होती. संगणकाने टिक केलं. गौंडरांनी पडद्याकडे बघितलं, मग तारेकडे, तार काढून पुन्हा घट्ट बसवली. "परत."

ती परत उडाली. तेच. गौंडर स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. "लोवोचा दगड," ते म्हणाले. "देवा. खरंच लोवोचा दगड."

लांब उडीला तिने पायवाट संपवली आणि पेथेलीच्या कुशीत जाऊन आदळली, तो टॅपिओकासकट आडवा झाला. मग एकामागून एक पाच झेपा टाकायच्या होत्या. त्यासाठी गौंडरांना फीत पुरली नाही, दोरी आणावी लागली. केलेरा टाळ्या पिटत होती आणि आत्या आकेनेता, जिने जन्मभर गावातल्या पोरींना आवाज खाली ठेवायला शिकवलं, ती बेंबीच्या देठापासून ओरडत होती.

तोरिका तिथेच थांबली नाही. "मास्तर, माझं झालं. आता बाकीच्यांचं घ्या. सकाळी सगळ्याच पोरींच्या माना अडल्या होत्या."

घेतलं. गावातली आणखी एक मुलगी रेघेच्या पुढे गेली. दोन थोडक्यात राहिल्या, पण त्यांना आता निदान ठाऊक होतं की राहिल्या त्या पायांमुळे, दुसऱ्या कशामुळे नाही. हेही मोठं असतं. माणसाला हरायचंच असेल तर स्वतःच्या पायांनी हरू द्यावं.

अंधारायच्या आत रातूंना खाली उतरवलं. ते चढण्यापेक्षा अवघड गेलं.

सकाळच्या भरतीला होडी निघाली, तिच्यात पाच मुली होत्या. केलेरा आत्याच्या कडेवर. ती रडली नाही, कारण पेथेलीने तिला सांगितलं होतं की आई इतकी वेगात जाते की रडणं संपायच्या आत परत येते.

सुव्याच्या मैदानावर निवडीच्या शर्यतीला तोरिकाशेजारी ज्या उभ्या होत्या त्यांच्या पायात खिळ्यांचे बूट होते. तिला उसने मिळालेले बोटांना चावत होते, तिने ते काढून बाजूला ठेवले. लाल पट्टा पायाला गरम लागला. बरं वाटलं.

"हात टेका," कडेवरून गौंडर सांगत होते. "सुटल्यावर एकदम ताठ व्हायचं नाही. पहिल्या झेपा खाली बघत. मान खाली ठेवा, मान!"

तोरिकाला हसू फुटलं. मान खाली घालून पुढे सरकायचं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. शेजारच्या मुलींना तेच जमत नव्हतं, सुटल्याबरोबर त्या ताठ उभ्या होत होत्या. ती सुटली ती आत्याने शिकवल्यासारखी, पाठ वाकवून, डोळे जमिनीला, जणू साऱ्या सुव्याचे वडीलधारी पट्ट्याच्या कडेला मांडी घालून बसलेत. आणि तिसाव्या मीटरला, कुणी न सांगता, तिने मान वर केली. तिथून पुढे पट्टाभर तापले दगड पसरले होते आणि तिचं पाऊल एकावरही थांबलं नाही.

पहिली आली. दुसरी कोण आली ते तिला वळून बघावं लागलं, बरंच मागे.

रिलेचा शेवटचा टप्पा तिला मिळाला. ती बातमी रेडिओवर लागली तेव्हा रातू आसेरींनी शेजारच्या शाळेत निरोप धाडला, की हॉलमध्ये त्या रग्बीवाल्या पोराच्या फोटोशेजारी आणखी एका फोटोला जागा करून ठेवा. विनंती नव्हती. सेवानाया स्वतः जाऊन सांगून आले.

टाकीवरची उशी अजून तिथेच आहे. बेटावर आता दर वर्षी माणसं येतात, चटई अंथरतात, ठोकळा मांडतात. पोरी सुलू खोचून रांगेत उभ्या राहतात, त्यात केलेरा सगळ्यांत पुढे घुसते. पण रातूंनी वर बसून खाकरल्याशिवाय पहिली उडी होत नाही. हल्ली ते भल्या पहाटेच चढून बसतात. आत्या म्हणते, मान वगैरे काही नाही, म्हाताऱ्याला तिथला वारा आवडलाय.